लोकांचं कुतूहल मोजायचं कसं? विकिपीडियाची वाचनसंख्या वाचण्याची रीत, सांगली-साताऱ्याच्या उदाहरणांसह

वाचनालयात कुणालाही विचारा, "काय वाचायला आवडतं?" उत्तर ठरलेलं येतं: इतिहास, चरित्रं, थोडं विज्ञान. तोच माणूस रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या फोनमध्ये एखाद्या नटीचं वय, आजच्या सामन्यातल्या गोलंदाजाचं गाव आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या आजाराचं नाव बघत असतो. यात खोटेपणा काही नाही. चारचौघांत सांगायची आवड वेगळी, एकट्याने विचारायचा प्रश्न वेगळा. हे दुसऱ्या प्रकारचे प्रश्न मोजायला एक उघडी, फुकट आणि बऱ्यापैकी प्रामाणिक जागा आहे, ती म्हणजे विकिपीडियाची वाचनसंख्या. कुठलं पान कुठल्या दिवशी किती वेळा उघडलं गेलं, हा हिशोब कुणालाही बघता येतो.

शिक्षक, ग्रंथपाल, तालुक्याच्या गावचे बातमीदार, यूट्यूबवर आपल्या भागाचा इतिहास सांगणारी मुलं, अशांना डोळ्यांपुढे ठेवून ही रीत लिहितो आहे. संगणकाची भाषा यायची गरज नाही. फोनवरही जमतं, पण आलेख नीट बघायचा तर मोठा पडदा बरा.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधीच सांगतो. आलेखात उंच टोक दिसलं की सगळ्यांचे डोळे तिथेच खिळतात. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, आणि त्या दिवसांत गावाला दुसरा विषय नसतो. पण उपशाच्या मोटारी वर्षभर चालतात त्या पूर ओसरल्यावर नदीत जे राहतं त्याच्यावर. वाचनसंख्येतही टोकावरून फक्त निमित्त किती मोठं होतं ते कळतं. लोकांना खरा रस किती, हे नेहमीच्या पातळीवरून कळतं, आणि टोक उतरल्यावर ती पातळी आधीपेक्षा किती वर राहिली त्यावरून. त्यामुळे या लेखात टोकं ओळखायला शिकायचं आहे ते मुख्यतः ती बाजूला काढता यावीत म्हणून.

प्रश्न नीट धरा

"लोक काय शोधतात?" हा प्रश्न घेऊन बसलात तर संध्याकाळपर्यंत आकडे बघाल आणि हाती काही लागणार नाही. प्रश्नात एक पान हवं, एक कालखंड हवा आणि एक तुलना हवी. "खाशाबा जाधवांबद्दल लोक वर्षातून कधी कधी वाचतात?" "फुलं नसतात तेव्हा कास पठाराचं पान उघडलं जातं का?" "प्रतिसरकारबद्दल मराठीत जास्त वाचलं जातं की इंग्रजीत?" असे प्रश्न धरा.

मोजलं काय जातं, हेही स्पष्ट असू द्या. पान उघडलं की एक आकडा. एकाच माणसाने तीनदा उघडलं तर तीन. कुणी गूगलवर शोधलं, उत्तर तिथेच वरच्या चौकटीत मिळालं आणि विकिपीडियापर्यंत तो आलाच नाही, तर शून्य. वाचणारा कोण, कुठल्या गावचा, हे त्यात नसतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तो वाचणारा माणूस ईश्वरपूरचा (आधीचं इस्लामपूर) असेल, ठाण्याचा असेल, दुबईतही बसलेला असेल. म्हणून "सातारकरांना अमुक जाणून घ्यायचंय" असं वाक्य या आकड्यांवरून लिहिता येत नाही. साताऱ्याशी संबंधित विषयांबद्दल मराठी वाचकांना काय जाणून घ्यायचंय, एवढंच म्हणता येतं, आणि तेही थोडं नाही.

साधन उघडा आणि चार गोष्टी बदला

साधनाचं नाव पेजव्ह्यूज अ‍ॅनालिसिस. गूगलवर "विकिपीडिया पेजव्ह्यूज" असं इंग्रजीत टाकलंत तरी पहिल्या दोन-चार दुव्यांत सापडतं. पत्ता आहे पेजव्ह्यूज डॉट डब्ल्यूएमक्लाउड डॉट ऑर्ग. खातं काढावं लागत नाही.

उघडल्यावर तारखा, प्रकल्प, प्लॅटफॉर्म, एजंट आणि पानं असे रकाने दिसतील. प्रकल्पाच्या रकान्यात इंग्रजी विकिपीडियाचा पत्ता आधीच भरलेला असतो. तो काढून त्या जागी सुरुवातीला एमआर ही दोन अक्षरं असलेला मराठी विकिपीडियाचा पत्ता टाका. तारखांमध्ये गेले वीस दिवस आपोआप धरलेले असतात. तेवढ्यावरून काही कळत नाही, म्हणून निदान एक पूर्ण वर्ष घ्या. जुलै २०१५ च्या आधीचा हिशोब या साधनात मिळत नाही. एजंटमध्ये "यूजर", म्हणजे माणूस, हेच राहू द्या. आणि एका वेळी दहापर्यंत पानं टाकता येत असली तरी पहिल्यांदा एकच टाका.

छोट्या पानांसाठी रोजचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. तिथे रोजच्या ऐवजी महिन्याचा हिशोब निवडा. आणि एका टोकामुळे बाकीची रेघ जमिनीला चिकटली असेल तर आलेखाखालची लॉगरिदमिक मोजपट्टी चालू करा. टोक बसकं होतं आणि खालची हालचाल दिसायला लागते. आपल्याला तीच बघायची आहे.

वेळेचा घोळ मात्र जरा थांबून समजून घ्या, कारण पुढे तो प्रत्येक तारखेला आडवा येतो. हा हिशोब जागतिक प्रमाणवेळेने चालतो, म्हणजे यातला दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सामना संपेपर्यंत मध्यरात्र झाली होती. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचं पान त्या रात्री एक-दीड वाजता ज्यांनी उघडलं, त्यांच्या घड्याळात ३ तारीख होती आणि विकिपीडियाच्या हिशोबात २. कोयनेचा भूकंपही तसाच. आपल्याकडे तो ११ डिसेंबर १९६७ ची पहाट म्हणून लक्षात आहे, तर जागतिक वेळेने ती १० डिसेंबरची रात्र होती. म्हणून एखाद्या घटनेचा आलेख बघताना आदला आणि दुसरा, दोन्ही दिवस धरा.

पहिला सराव: खाशाबा जाधव

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सरावाला हे पान मी मुद्दाम सुचवतो, कारण त्याच्यामागची निमित्तं स्वच्छ वेगवेगळी काढता येतात.

पानाच्या रकान्यात "खाशाबा" लिहायला सुरुवात करा आणि खाली सुचवलेल्या नावांमधून निवडा. स्वतः पूर्ण नाव टाइप करू नका. मराठीत एका ऱ्हस्व-दीर्घाने पान चुकतं आणि शून्याच्या जवळची रेघ समोर येते. एकाच पानाकडे नेणारी दोन-तीन नावं असतील, म्हणजे विकिपीडियाच्या भाषेत पुनर्निर्देशनं असतील, तर ती धरण्याचा पर्याय चालू करा. नाहीतर जुन्या नावाने आलेले वाचक हिशोबातून गळतात.

आता १ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर २०२४ अशी दोन वर्षं लावा आणि तीन तारखा शोधा. पहिली १५ जानेवारी २०२३. त्यांची जयंती, आणि त्या दिवशी गूगलने मुखपृष्ठावर त्यांचं डूडल, म्हणजे आपल्या नावाच्या जागी खास चित्र, लावलं होतं. दुसरी १५ जानेवारी २०२४. जयंती तीच, पण डूडल नाही. या दोन टोकांमधला फरक ढोबळमानाने डूडलमुळे पडलेला आहे. तिसरी १ ऑगस्ट २०२४. त्या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवलं आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला ७२ वर्षांनी वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, म्हणून प्रत्येक बातमीत खाशाबांचं नाव आलं. इथे कुणी खाशाबांचं स्मरण करायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याची बातमी वाचता वाचता "हे कोण?" असं वाटून जो त्या पानावर गेला, त्याचं कुतूहल मी डूडलवर बोट लागलेल्यापेक्षा जास्त मोलाचं धरतो. आकड्यांना हा भेद कळत नाही, तो आपण करायचा.

इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या पानाचं हेच दोन वर्षांचं चित्र दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवा. तीन टोकांची आपसातली उंची दोन्हीकडे सारखी आहे का, एवढंच बघा. आकडे शेजारी ठेवून "इंग्रजीत जास्त" असं म्हणण्यात अर्थ नाही, इंग्रजीत जवळपास सगळंच जास्त असतं.

टोकाचा आकार बघून निमित्त ओळखा

थोड्या सवयीने तारीख न बघताही टोक कशाचं आहे याचा अंदाज येतो. बातमीचं टोक भिंतीसारखं सरळ वर जातं आणि दोन-चार दिवसांत उतरतं. जयंतीचं टोक दरवर्षी त्याच जागी येतं. त्यात शाळेच्या भाषणांची जयंती असेल तर चढ आदल्या एक-दोन दिवसांपासूनच सुरू होतो, कारण भाषण आदल्या रात्री लिहिलं जातं. ३ जानेवारीचं सावित्रीबाई फुल्यांचं पान घ्या. खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे त्यांचं जन्मगाव, जन्म १८३१ चा. इथे १, २ आणि ३ जानेवारी असे तिन्ही दिवस बघा. मग "नायगाव" हे पानही लावून बघा. भाषण पाठ करणाऱ्यांपैकी किती जण बाईंच्या गावापर्यंत पोचतात, हे त्या दोन रेघांच्या अंतरात दिसतं.

परीक्षेचा चढ वेगळा. तो हळूहळू वाढतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यात वर असतो आणि दुसऱ्या दिवशी कोसळतो. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तारीख माहीत असेल तर घटनेची कलमं, समाजसुधारक, नद्या-धरणं अशी चार-पाच पानं एकत्र लावा. सगळी एकदम उतरली तर तो अभ्यास होता. १९१९ मध्ये स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था आणि तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पानांवर जयंतीचा आणि परीक्षेचा असे दोन्ही आकार एकमेकांवर चढलेले असू शकतात. तिथे घाई करू नका.

हंगामी विषयाची टेकडी असते, पसरट. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. या पानासाठी रोजचा नको, महिन्याचा आलेख घ्या, आणि एक-दोन नव्हे, पाच वर्षांचा. २०२० चं वर्ष त्यात आलं की टाळेबंदीने टेकडीचं काय झालं तेही दिसेल. शेजारी महाबळेश्वर लावा. दोघांच्या टेकड्या कुठल्या महिन्यांत येतात याची तुलना केली की सहलीचं नियोजन म्हणून उघडलेलं पान आणि फुलांसाठी उघडलेलं पान यांची चाल वेगळी काढता येते. माझा भर कासच्या नोव्हेंबर ते जुलै या आकड्यांवर असतो. गेटवर रांग नसताना जो ते पान वाचतो, त्याला पठाराबद्दल काहीतरी विचारायचं असतं.

पुराची आणि धरणांची पानं हंगामी दिसतात, पण वागतात बातमीसारखी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे दोन कालखंड घ्या आणि कृष्णा नदी, कोयना धरण, अलमट्टी धरण ही पानं मराठीत व इंग्रजीत लावा. पाणी चढायला लागलं की आपल्याकडे चर्चा कर्नाटकात कृष्णेवरच पुढे असलेल्या अलमट्टीवर येतेच. तिथल्या पाणीसाठ्याची पातळी ५१९.६ मीटर आणि ती ५२४ मीटरच्या पुढे नेण्याचा कर्नाटकचा विचार, हे सांगलीत पानाच्या टपरीवरही ऐकायला मिळतं. इथे बघायचं ते असं: पूर नसतानाही, उंची वाढवण्याची नुसती बातमी आली तरी अलमट्टीचं पान हलतं का? हलत असेल तर लोक पाण्याला भिऊन नव्हे, प्रश्न समजून घ्यायला आले आहेत.

सिनेमाचं टोक आठवडेच्या आठवडे टिकतं. १४ फेब्रुवारी २०२५ ला संभाजी महाराजांवरचा 'छावा' हा हिंदी चित्रपट लागला. त्यांच्या पानाचा चढ बघून काही नवीन कळणार नाही, तो असणारच. कडेची पानं बघा: येसूबाई, हंबीरराव मोहिते, आणि साताऱ्याला राजधानी करणारे थोरले शाहू महाराज. हंबीररावांचं तळबीड कराड तालुक्यातलं. पडद्यावर पाहिलेल्या माणसावरून लोक त्याच्या सेनापतीकडे, मुलाकडे, गावाकडे सरकले की मुख्य पानावरूनच परत फिरले, हे या कडेच्या रेघा दाखवतात. माझ्या मते सगळ्या अभ्यासातला हाच सगळ्यात रसाळ भाग आहे आणि याच्याकडे कुणी बघत नाही.

नावाचे सापळे

शाहू महाराजांवरून आठवलं. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू ही दोन माणसं, दोघांमध्ये दीडशेहून अधिक वर्षांचं अंतर. राजर्षींची जयंती २६ जूनला. साताऱ्याच्या शाहूंच्या पानावर २६ जूनच्या आसपास टोक आलं असेल तर ते बहुतेक चुकीच्या दारातून आत आलेले लोक आहेत. ते टोक तुमच्या हिशोबातून वजा करा, पण वहीत नोंद जरूर ठेवा. लोक कुठे गोंधळतात, हीसुद्धा माहितीच आहे, आणि शिक्षकाला तर फार उपयोगाची.

जिल्ह्यांचाही घोळ आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे १९४३ ते १९४६ चं "साताऱ्याचं प्रतिसरकार" म्हणतो त्यातली कुंडलसारखी गावं आज सांगली जिल्ह्यात आहेत. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आणि यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे हीसुद्धा सांगलीतच. "सातारा" या शब्दाने पानं गोळा केलीत तर अर्धा इतिहास बाहेर राहतो. दोन्ही जिल्ह्यांची मिळून एकच यादी करा.

यंत्रांची गर्दी बाजूला काढा

विकिपीडियाची पानं माणसांसोबत यंत्रंही, म्हणजे आपोआप चालणारे संगणकाचे प्रोग्रॅमही, हौसेने वाचतात. साधनात "स्पायडर" आणि "ऑटोमेटेड" असे वेगळे गट आहेत. दुसरा २०२० पासूनचा. तरीही काही यंत्रं माणसाचा मुखवटा घालून आत शिरतात.

याचा एक किस्सा भारतातलाच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, तंत्रज्ञांच्या लक्षात आलं की एका अ‍ॅस्टरच्या फुलाचा फोटो रोज सुमारे ९ कोटी वेळा मागवला जातोय, आणि मागणी भारतातल्या इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यांतून येतेय. त्यांच्या एका डेटा सेंटरवर येणाऱ्या चित्रांच्या मागणीतला जवळजवळ पाचवा हिस्सा त्या एका फुलाचा होता. भारतीयांना अचानक फुलांचं वेड लागलं नव्हतं. एक मोबाइल अ‍ॅप उघडताना दर वेळी तो फोटो मागवत होतं आणि वापरणाऱ्याला दाखवतही नव्हतं. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आल्यावर लोक दुसऱ्या अ‍ॅपकडे वळले, तेव्हापासून ही मागणी चढत गेली होती.

ओळखायची सोपी युक्ती अशी. प्लॅटफॉर्मच्या रकान्यात आधी डेस्कटॉप आणि मग मोबाइल वेब निवडून तोच आलेख दोनदा काढा. आपल्याकडचा वाचक फोनवर आहे. बातमी आली की मोबाइलची रेघ चढलीच पाहिजे. नुसती डेस्कटॉपची चढली, मोबाइल जागच्या जागी आणि त्या दिवशीच्या पेपरातही काही नाही, तर ते टोक सोडून द्या.

लांब पल्ल्याची तुलना करताना आणखी एक सांभाळा. २०२५ मध्ये विकिमीडियाने यंत्रं ओळखण्याची पद्धत कडक केली. त्या वर्षीच्या मे-जूनमधली बरीचशी वाढ वेषांतर केलेल्या यंत्रांची निघाली, आणि आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत माणसांचं वाचन सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी सांगितलं. शोधयंत्रं आणि एआय आता परस्पर उत्तर देतात, हे त्याचं एक कारण. म्हणून तुमच्या आवडीच्या पानाची रेघ २०२५ मध्ये खाली आली तर लोकांचा रस उडाला असं लगेच लिहू नका. त्याच संचातलं साइटव्ह्यूज हे साधन उघडून पूर्ण मराठी विकिपीडियाची एकूण वाचनसंख्या काढा आणि तुमच्या पानाचा त्यातला वाटा बघा.

पातळी मोजा

आता मूळ काम. तक्त्यात साधन स्वतःच रोजची सरासरी देतं, तिच्यावर विसंबू नका. समजा एखादं पान रोज वीसेक वेळा उघडलं जातं आणि महिन्यात एकदा, जयंतीला, ३,००० वेळा. सरासरी निघेल सुमारे १२०, आणि त्या महिन्यात एकही दिवस असा नाही की ते पान १२० वेळा उघडलं गेलं. त्याऐवजी मध्यक घ्या. साधनातून सीएसव्ही फाइल उतरवा, एक्सेलमध्ये उघडा, आकडे लहान ते मोठे लावा आणि मधला उचला. इथे तो २० येईल, आणि २० हेच त्या पानाचं खरं पाणी.

निमित्ताच्या आधीच्या चार आठवड्यांचा मध्यक एका रकान्यात लिहा. निमित्तानंतरचे चार आठवडे सोडून द्या आणि त्यापुढच्या चार आठवड्यांचा मध्यक दुसऱ्या रकान्यात. २० चे २० राहिले तर लोक आले आणि गेले. २० चे ३० झाले तर काहीतरी रुजलंय. २० चे २२ झाले तर छाती फुगवू नका, एवढ्या छोट्या आकड्यांत दोन-चारचा फरक काहीच सांगत नाही. आणि हेच आठवडे आदल्या वर्षीही तपासा, नाहीतर शाळा उघडल्याची वाढ आपण सिनेमाच्या खात्यावर टाकून बसतो.

आणखी तीन खिडक्या

लँगव्ह्यूज एका विषयाचं सगळ्या भाषांतलं वाचन एकत्र दाखवतं. प्रतिसरकार, नाना पाटील, नाटककार विष्णुदास भावे अशी नावं टाकून मराठीचा वाटा बघा. आपल्याकडचीच मंडळी बऱ्याचदा इंग्रजी पानावर जातात, कारण फोन तेच आधी पुढे करतो. मराठीचा वाटा एखाद्या विषयात जास्त निघाला तर तो विषय घरातला आहे असं समजा.

टॉपव्ह्यूज महिन्याची किंवा दिवसाची सर्वाधिक वाचलेल्या पानांची यादी देतं. मराठी यादीतून मुखपृष्ठ आणि शोधाची पानं आधी काढून टाका. जगाची चव बघायची तर इंग्रजीची वार्षिक यादी घ्या. २०२३ मध्ये नोव्हेंबरअखेरच्या मोजणीत पहिला चॅटजीपीटी, ४ कोटी ९४ लाखांवर. तिसरा त्या वर्षीचा पुरुषांचा क्रिकेट विश्वचषक, ३ कोटी ८१ लाखांवर, आणि चौथ्यावर आयपीएल. इंग्रजी विकिपीडियावर भारताचा हात किती आहे ते यातून दिसतं. दुसऱ्या क्रमांकावर होतं "२०२३ मधील मृत्यू" हे पान, ४ कोटी २६ लाखांवर. पेपर हातात आला की आधी निधनवार्ता बघणारा एक जण आपल्या प्रत्येक घरात असतो. तो जगभर असतो, एवढंच.

तिसरी खिडकी क्लिकस्ट्रीमची. वाचक कुठल्या पानावरून आला आणि पुढे कुठे गेला, हे ती महिन्याला एकदा सांगते. इंग्रजीसारख्या मोजक्या भाषांसाठीच ती निघते, आणि महिन्यात दहापेक्षा कमी वेळा घडलेली ये-जा त्यात धरत नाहीत. त्यामुळे आपल्या छोट्या विषयांना तिचा उपयोग थोडा, क्रिकेट आणि शिवकाल यांना भरपूर.

जोडीला गूगल ट्रेंड्स उघडायला हरकत नाही. तिथे राज्यनिहाय चित्र मिळतं, पण आकडे ० ते १०० असे सापेक्ष असतात आणि शोध कमी असले की शून्य दाखवतात. देवराष्ट्र्यासारख्या विषयाला विकिपीडियाच बरा.

लिहिताना आणि वापरताना

बातमीत किंवा भिंतीपत्रकात वाक्य कसं लिहायचं? "स्मृती मानधना महाराष्ट्राची सर्वांत लोकप्रिय खेळाडू" असं नको. "विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी मराठी विकिपीडियावर स्मृती मानधनाचं पान नेहमीच्या अमुकपट वाचलं गेलं, महिन्याभरानंतरही ते अमुक पातळीवर होतं" असं लिहा. तारीख, भाषा, कशाच्या तुलनेत, ही तिन्ही वाक्यात हवीत. वाचन म्हणजे आदर नव्हे, हेही ध्यानात ठेवा. एखाद्या खेळाडूच्या घरगुती बातमीनेही त्याच पानावर टोक येतं, आणि ते विश्वचषकाच्या टोकाशेजारी ठेवून मिरवण्यात काही अर्थ नाही.

या सगळ्याचा सगळ्यात चांगला उपयोग मला वेगळाच दिसतो. ज्या पानाची नेहमीची पातळी बरी आहे पण मजकूर चार ओळींचा आहे, अशी पानं शोधा. लोक येतात आणि हात हलवत परत जातात. मिरजेची तंतुवाद्यं, सांगलीची हळद, एखादी कुंडलसारखी जागा, यांच्या पानांवर तुमच्या वाचनालयातल्या पुस्तकांचे नीट संदर्भ देऊन दोन परिच्छेद घाला, स्वतः काढलेला फोटो चढवा. शाळेत हा प्रकल्प द्यायचा असेल तर आठवी-नववीच्या मुलांना एकेक पान वाटून द्या. आलेख त्यांनी काढायचा, टोकाचं कारण जुन्या पेपरांत शोधायचं, आणि जे कारण सापडणार नाही तिथे "कारण सापडलं नाही" असं लिहायला मार्क द्यायचे.

वर्षाची वही घालायची तर आपल्या भागाच्या तारखा आधीच आखून ठेवा: ३ जानेवारी सावित्रीबाई, १५ जानेवारी खाशाबा, १२ मार्च यशवंतराव, जुलै-ऑगस्ट कृष्णा-कोयना-अलमट्टी, ३ ऑगस्ट नाना पाटील, सप्टेंबर कास, ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन, कारण विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला तो १८४३ मध्ये, आणि ११ डिसेंबर कोयनेचा भूकंप. प्रत्येक तारखेनंतर दोन महिन्यांनी फाइल उतरवा, त्याआधी नको. कोयनेची फाइल म्हणजे फेब्रुवारीत निघेल. तिच्यात १० डिसेंबरही धरायला विसरू नका.